सासूबाईंचा सीन

दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या शिंपीणबाईंच्या शेजारी दोघी सिनेमाबद्दल बोलत होत्या.

"आमच्याच गल्लीत दंगलीचं शूटिंग झालं. सासूबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या धर्माच्या माणसाचे कपडे घातलेला नट पळत आला, तर त्यांनी त्याला घरात ओढून कडी लावली."

"अगं, तुझ्या थोरल्या दिरांना तर मागच्या दंगलीत त्याच लोकांनी..."

"हो ना. तरी त्याच्या मागे लागलेल्या जमावाला दारामागून ओरडून सांगत होत्या, आत कुणी नाही, पुढे जा."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. त्यांनी मागच्या माणसाला पुढे जायची खूण केली.

"खोटं आहे कळल्यावर चिडल्या असतील."

"छे. त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, दिवसभर असंच पळवतात का रे तुला?"