नळीतली चरबी

(नारीन नदीच्या वरच्या कुरणातला तंबू. तेमिरकान जाऊन चाळीस दिवस झाले; चाळिसाव्याचं जेवण उरकून पाहुणे गेलेत. मागे उरलेत त्याची बायको बुरुलसून आणि धाकटा भाऊ काल्दार. मध्ये तेमिरकानची बंदूक.)

काल्दार : वहिनी, नळीत पुन्हा चरबी भरलीत?

बुरुलसून : भरणारच. बंदुकीचं तेल संपलंय, दुंबा मेंढा घरचा आहे. त्याच्या शेपटीच्या चरबीनं लोखंडाला गंज चढत नाही. तुम्ही वरून पुसा नि द्या इकडे. उद्या उजाडायच्या आत निघायचंय मला.

काल्दार : कुठं?

बुरुलसून : त्या अस्वलाकडे. वरच्या घळीतच आहे म्हणतात अजून. पोट फाडून आतडी कुत्र्यांना घालणार आहे त्याची.

काल्दार : तुम्ही नका जाऊ. मी जातो.

बुरुलसून : तुम्ही? त्या दिवशी गेला होतात की! भाऊ फाडला जात होता आणि धाकटे उभे राहून बघत होते. सगळं कुरण हेच बोलतंय.

काल्दार : बोलू दे.

बुरुलसून : एवढंच? वर बघा. माझ्याकडे बघ, काल्दार!

काल्दार : नाव घेतलंत माझं? सुनेनं, सासरच्या माणसाचं?

बुरुलसून : घेतलं. भित्र्याचा कसला मान राखायचा? हा सुरा बघितलात? सकाळी मेंढी सोललीय यानं. खरं बोलला नाहीत तर तुमच्या नरड्यावर चालवीन. का नाही वाचवलंत यांना?

काल्दार : टेकवलाच आहे तर दाबा. रक्त येतंय, येऊ दे. कुऱ्हाड घेऊन धावलो होतो मी, वहिनी. तीन घाव घातले अस्वलाच्या पाठीत, तेव्हा कुठं सोडलं त्यानं. तोवर दादाच्या डोक्याची कातडी निघाली होती. हात खांद्यापासून लोंबत होता.

बुरुलसून : आणि बंदूक? चाळीस पावलांवर यांची गोळी चुकेल? पळत्या लांडग्याला आडवा करणारा माणूस!

काल्दार : चुकली. अस्वलाच्या डोक्यावरून गेली. दुसरी भरायच्या आत ते अंगावर होतं.

बुरुलसून : शक्य नाही. बंदूक चोख होती. आदल्या संध्याकाळी मी स्वतः...

काल्दार : सुरा खाली ठेवा आता.

बुरुलसून : थांबा. मघाशी तुम्ही ‘पुन्हा’ म्हणालात. पुन्हा चरबी. आधीची तुम्हाला कुणी सांगितली? मी तर कुणापाशी बोलले नव्हते. बोला!

काल्दार : नळीत चरबी राहिली की पहिली गोळी भरकटते, वहिनी. चरबी असो की तेल, निघण्याआधी कोरडं फडकं फिरवायचं, पांढरं निघेपर्यंत. दादा रोज सकाळी फिरवायचा. त्या दिवशी अस्वल मेंढवाड्यात शिरलं. खुंटीवरची बंदूक ओढून तो तसाच धावला.

बुरुलसून : हात सुजला होता यांचा. म्हटलं, आज आपणच साफ करून ठेवू. बोटभर चरबी घातली नळीत, कौतुकानं... मीच मारलं हो यांना!

काल्दार : अस्वलानं मारलं.

बुरुलसून : यांना कळलं होतं?

काल्दार : बार उडाला तेव्हा जळक्या चरबीचा वास आला म्हणाला. माझ्या मांडीवर होता. ‘तिला सांगू नकोस,’ एवढंच बोलत राहिला, आवाज होता तोवर.

बुरुलसून : चाळीस दिवस लोकांच्या शिव्या खाल्लात. माझ्याही. मग आज का सांगितलंत?

काल्दार : कुऱ्हाडीचं सांगितलं असतं, तर गोळी का चुकली तेही लोकांनी विचारलं असतं. पण उद्या तुम्ही ही बंदूक घेऊन जाणार म्हणून.

बुरुलसून : ती सळई द्या. फडकं कसं फिरवायचं, दाखवा.

काल्दार : मागून पुढं. तोंडाकडून कधी घालायची नाही, नळीची कड खराब होते. सावकाश.

बुरुलसून : पांढरं निघालं का, ते तुम्हीच बघा. मला नीट दिसत नाहीये.