भुंग्यानं खाल्लेली टोपी

अमळनेरच्या जनावरांच्या दवाखान्यात ताजबी शेळी धरून रांगेत उभी होती. पुढं आक्काबाई कुत्र्याची दोरी दोन्ही हातांनी आवरत कंपाउंडरशी बोलत होत्या.

"भाऊ, यानं टोपी खाल्ली."

"कुणाची, आक्का?"

"आमच्या ह्यांची. परवा उशी फाडली, काल चप्पल पळवली."

"मग देऊन टाका ना कुणाला!"

"आज देणारच होते. लकवा झाल्यापासून सहा महिने ह्यांच्या तोंडातून शब्द नाही. त्यांचं करू, का याच्यामागं धावू?"

"मग?"

"सकाळी यानं ह्यांच्या डोक्यावरची टोपी ओढली, तसे हे खाटेवरून ओरडले, ‘हाड, भुंग्या!’"

"या अल्ला!" ताजबीच्या तोंडून निघून गेलं.

"मग आता याला देणार?" कंपाउंडरनं विचारलं.

"कुठलं! याचं पोट तेवढं तपासा, भाऊ. हे दुसरी टोपी घालून याचीच वाट बघत बसलेत."