जीपची लिंबू-मिरची

अंधश्रद्धेवर माझं भाषण ऐकायचं असेल, तर आधी हे ऐका. कॉलेज संपवून मी बोरीला घरी आलो होतो. वडिलांची, म्हणजे नानांची, जुनी जीप होती. तिची सगळी दुरुस्ती ते अंगणातच करत. तिच्या पुढं लोंबणाऱ्या एका तारेला आईनं लिंबू-मिरची बांधलेली. मला ते बघवेना. एके सकाळी ती तारेसकट उपटली आणि उकिरड्यावर फेकली.

तासाभरात धाकट्या बहिणीला, शांताला, मॅट्रिकच्या पेपरसाठी जिंतूरला पोचवायचं होतं. एसटी निघून गेलेली. नानांनी चावी फिरवली, पण जीप ढिम्म.

आई म्हणाली, "लिंबू काढल्यावर दुसरं काय व्हनार?"

"यंत्राला लिंबू कळत नाही, आई," म्हणत मी पाना उचलला.

बॉनेटमध्ये डोकं घातलेले नाना म्हणाले, "लिंबू न्हाई कळत, पण बॅटरीची अर्थिंगची तार कळती. ती कुठं हाय?"

मी उकिरड्याकडं पळालो. नानांनी लिंबासकट तार जोडली आणि जीप लगेच सुरू झाली.

मागं बसलेली शांता शांतपणे म्हणाली, "दादा, तू समाज सुधारायलास ते चांगलं हाय. फक्त माझे पेपर होऊस्तोवर थांब."