आईचं कपाट आणि माझी चिठ्ठी

अरे, चहा राहू द्या, आधी हे ऐका! ताईचं लग्न दहा दिवसांवर आलेलं अन् मी मदन महल मोहल्ल्यातल्या आमच्या घरूनच ऑफिसचं काम करून राहिलो होतो. आमच्या टीमची रोज सकाळी छोटी मीटिंग असते. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं, बस. आई आठवडाभर ते ऐकत होती. एक दिवस तिनं माझ्याच पिवळ्या चिठ्ठ्या घेतल्या अन् माझ्या मागच्या कपाटावर लग्नाच्या कामांच्या तीन रांगा लावल्या: करायचं, अडलं, झालं. मग रोज आठ वाजता घरचे सगळे कपाटासमोर उभे! बसलं की गप्पा सुरू होतात, आई म्हणे. पनागरचे काका भाजीचा हिशेब सांगायलाही उभेच. अन् कामं काय पटापट झाली यार!

मंगळवारी मीटिंगमध्ये आमच्या टीमच्या लीड सरांना कॅमेऱ्यात ते कपाट दिसलं. "भैया, ये बोर्ड किसका है? हमारा काम तो तीन हफ्ते से अटका पड़ा है!"

आई कॅमेऱ्यासमोर आली. "किसके पास अटका है जी?"

सर हळूच म्हणाले, "आंटी, आपके बेटे के पास."

आईनं तिथंच चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं अन् 'अडलं'खाली चिकटवली! मी दिवसभर खाली मान घालून काम संपवलं, संध्याकाळी ओरडलो, "आई, झालं माझं!" अन् चिठ्ठी 'झालं'खाली सरकवायला गेलो.

आईनं हात धरला. "तू काहून सरकवतो? सरांले फोन लाव. ते झालं म्हणतील, तेव्हा मी सरकवीन."