घळीवर त्याला बोलायला लावलं

मी नेसरीकडची. माहेर पार सीमेला लागून, अव्वा कन्नड बोलायची, अप्पा मराठी, आनि आमी भावंडं दोन्हीत भांडायचो. घरात चार म्हशी, मला शाळेपेक्षा धारा काढायचं जास्त कळायचं. समुद्र म्हनाल तर लगीन होईस्तवर बघितला नव्हता, बघायची इच्छा बी नव्हती, नदीला पूर आला की आमाला तेवढंच पानी लई वाटायचं.

नवऱ्याचं नाव शिवाप्पा. बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यू न्हाय म्हनायचं आमच्यात, पर मी घेते, मुद्दाम घेते, कारन त्या नावाला एका मानसानं चिखल फासला आनि तो धुवायला माझी चार वर्सं गेली. तो मानूस म्हंजे कोल्हापुरातला एक ट्रॅव्हल्सवाला, शिवाप्पा त्येच्याच गाडीवर डायव्हर हुते. मी त्येचं नाव सांगते, तुमी लिवत न्हाय म्हनता, ऱ्हाऊ दे, मालक म्हनून लिवा.

शिवाप्पा कोल्हापुरातनं मानसं भरायचे आनि मालवनला न्यायचे. लगीन झाल्यावर मला बी घेऊन गेलते. आंबोलीचा घाट उतरला आनि माझं कान बंद झालं, मी म्हनले मला कायतरी हुतंय, ते हसले, म्हनले आवंढा गिळ. मग एकेक किनारा दावला. चिवल्याला म्हनले हितं ल्हान पोरं आनायची, गावाच्या पाठीमागंच हाय आनि पानी गरीब हाय. तारकर्लीला गर्दी, पर वाळू अशी की पायाला पीठ लागल्यासारखं. देवबागला नदी कुठं संपती आनि समुद्र कुठं सुरू हुतो ते बोटानं दावलं. भोगव्याला दुपारी कुनी नसतंय, निवतीला वरनंच बघायचं, खवन्याला माडाच्या सावलीत बसायचं. आनि कुठल्या म्हयन्यात कुठं जायाचं न्हाय, ते त्येंना रापन वढनाऱ्या लोकांनी शिकिवलं हुतं. वाळूवर उभं ऱ्हाऊन दोन्हीकडनं जाळं वढत्यात, त्येला रापन म्हनत्यात. शिवाप्पा गाडी लावून त्येंच्याबरोबर दोर धरायला जायचे, आमी लिंगायत, म्हावरं म्हंजे मासळी खात नव्हते तरी.

मालवनात भागीकाकीची खानावळ हाय, मासळी उतरवत्यात त्येच्या पाठीमागं. सगळ्या डायव्हरांना सुरमई, आनि आमच्या ह्येंना वेगळ्या भांड्यात काळ्या वाटान्याची उसळ. काय सांगू तुमाला, त्या बाईनं त्येंना लेकासारखं बघितलं.

आनि एक घळ हाय. तिचं नाव मी सांगनार न्हाय, नाव कळलं की मानसं जात्यात. डोंगराच्या पोटात वाळूचा तुकडा, दोन्हीकडं खडक, थंडीत बघाल तर पानी आरशागत. पावसाळ्यात तिथं खालनं वढ असती, वरनं दिसत न्हाय. तिथली मानसं श्रावनात तिकडं पाय ठेवत न्हाईत. मालकानं थंडीत त्या घळीचा व्हिडिओ काढला आनि मोबाईलवर टाकला, हिकडं या म्हनून.

श्रावनातला शनिवार हुता. इचलकरंजीची चार पोरं, मागावर काम करनारी, तो व्हिडिओ बघून आलती, आमाला तीच घळ पायजे म्हनून अडून बसली. शिवाप्पांनी न्हाय म्हटलं. पोरांनी मालकाला फोन लावला. ह्ये काकीकडं जेवत हुते, हात खरकटा, म्हनून मालकाचा फोन आला तेव्हा स्पीकरवर टाकून ताटाजवळ ठेवला, आनि काकीनं सगळं ऐकलं. मालक म्हनला गिऱ्हाइकाला तिथंच न्यायचं, न्हाय नेलंस तर चावी दुसऱ्याच्या हातात दे आनि चालत घरला जा. काकी म्हनली, रे शिवा, थंय जाव नको, पानी वडता. ते म्हनले काकी, मी न्हाय नेलं तर दुसरा कोनतरी नेईल आनि त्येला वढ म्हाईत नसल. मी वर कड्यावरच उभं करून परत आनतो.

वरच उभं केलतं त्येंनी. तरी त्या पोरांतला एकजन, विनायक, फोटो काढायला खाली उतरला, गुडघाभर पान्यात गेला आनि लाटंनं त्येचं पाय काढलं. शिवाप्पांनी उडी टाकली. त्येला ढकलून खडकावर लावला, आनि पुढच्या लाटंनं शिवाप्पांना नेलं.

तिसऱ्या दिवशी लांबच्या किनाऱ्याला सापडले. गळ्यात लिंग तसंच हुतं. आमच्यात मानसाला बसवून पुरत्यात, मांडी घालून, समाधीला बसल्यागत. त्येंना बसवता आलं न्हाय. शरीर तसं ऱ्हायलंच नव्हतं. आडवं ठेवावं लागलं. ते मी इसरले न्हाय आनि इसरनार न्हाय.

आनि त्येच दिवशी पेपरात आलतं, दारू पिऊन डायव्हरनं पर्यटकांना धोक्याच्या ठिकानी नेलं म्हनून. मालकानं पोलिसांना तसं सांगितलं, त्या चारी पोरांकडनं तशाच जबाबावर सह्या घेतल्या. पुढं डॉक्टरचा कागद आला, दारूचा थेंब न्हाय म्हनून, पर तो कुनी छापला न्हाय. नळावर बाया माझ्याकडं बघून गप व्हायच्या. माझी पोरगी शाळंतनं रडत आली, मास्तरांनी दारूवर निबंध लिवायला सांगितला आनि सगळा वर्ग तिच्याकडं वळला.

मी तवाच ठरिवलं. रडनं बंद केलं. भावाची जुनी दहा सीटर गाडी हुती, दुधाची कॅनं न्यायची, त्येच्यावर गाडी शिकले. आंबोलीचा घाट पयल्यांदा उतरले तवा सगळा घाट दुसऱ्या गेरात काढला. मग कोल्हापुरात मालकाच्याच हाफिसासमोर गाडी लावाय लागले. तो बाहेर यायचा, मला बघायचा, आत जायाचा. एकदा मानूस पाठवून सांगितलं, वैनी, पोरगीला हाफिसात कामाला घेतो, मिटवून टाका. मी म्हनले माझी पोरगी त्येच्या हाफिसात येईल तवा पोलिसाबरोबर येईल.

काकी साक्ष द्यायला तयार हुती, पर पोलीस म्हनले एका बाईच्या ऐकन्यानं काय हुतंय. म्हनून मी विनायकला धरला. दर सोमवारी इचलकरंजीला जायाची, त्येची पाळी सुटायच्या टायमाला मागाच्या शेडसमोर उभी ऱ्हायाची. एक शब्द बोलायची न्हाय. शेडात खडखडाट चालू, हिकडं मी उभी. पयल्यांदा तो पाठच्या दारानं गेला. मग पाळी बदलून घेतली, मी बी टायम बदलला. त्येची आई येऊन माझ्या पाया पडली, बाई, लेकराला झोप न्हाय. मी म्हनले त्येला झोप न्हाय, तरी तो हाय की. आता तुमाला मी वाईट वाटंन. वाटू दे.

अकरा म्हयनं गेलं. एका सोमवारी तो सरळ माझ्याकडं आला, अंगावर सगळा कापूस, म्हनला मावशी, चला कुठं यायचं ते. तो पोलिसात खरं बोलला. मागनं बाकीची तिघं बी बोलली. मालकावर केस उभी ऱ्हायली.

मग मालक स्वतः आला माझ्या दारात. हात जोडून म्हनला, वैनी, तुला काय पायजे ते सांग. मी म्हनले त्या घळीवर चल, काकीसमोर, रापनवाल्यांसमोर, आनि काय केलंस ते तोंडानं सांग.

आला की. माझ्याच गाडीतनं नेला. सकाळची येळ, वीस-पंचवीस मानसं जमलेली, काकी काठी टेकून. तो खाली बघून पुटपुटला. मी म्हनले ऐकू येत न्हाय. परत बोलला. मी म्हनले समुद्राचा आवाज मोठा हाय, वरडून सांग. मग तो वरडला, शिवाप्पा प्यायला नव्हता, मीच पाठिवला, मी खोटं बोललो.

जरा वेळानं म्हनला, आता केस मागं घेतीस न्हवं? मी म्हनले मी कवा म्हटलं तसं? तू इचारलंस काय पायजे, मी सांगितलं. काकीनं दंडाला धरलं, म्हनली, बाय माझे, आता सोड. मी तिचा हात काढून ठेवला. तिच्यावर माझा जीव हाय, पर ह्ये मी तिचं बी ऐकलं न्हाय. आनि त्येला तिथंच सोडून मी गाडी फिरवली.

केस चालू हाय. तारखा पडत्यात, मी प्रत्येक तारखंला पयल्या बाकावर बसते. पोरगी गडहिंग्लजला नर्सिंग शिकती. मी अजून मानसं घेऊन मालवनला जाते, बाया लई येत्यात माझ्या गाडीत, त्येंना भरवसा वाटतो. तुमी बी या पावनं, चिवल्याला पाय भिजवा, भोगव्याला निवांत बसा, देव तुमाला सुखात ठेवू दे.

मालकाला आता बीपी झालाय म्हनत्यात, दवाखान्याच्या फेऱ्या चालू हाईत. मी दर सोमवारी महादेवाला जाते तवा त्येच्यासाठी बी मागनं मागते. त्येला लई आयुष्य दे म्हनते. शंभर वर्सं जगू दे त्येला, कान धड ऱ्हाऊ दे, डोळं धड ऱ्हाऊ दे, आनि रोज कुनीतरी त्येला शिवाप्पाचं काय झालं म्हनून इचारू दे.