रिकाम्या खुर्चीचं माप

(संध्याकाळ. स्वयंपाकघर. चाकाच्या खुर्चीत थोरली बहीण, पुढ्यात गार पाण्याचं पातेलं. समोर धाकटा भाऊ. तो इमारतींचे नकाशे काढतो. नव्या खरेदी-संकुलात चाचणीची फेरी मारून दोघं आत्ताच परतलीत.)

ताई : खोटारडा आहे तुमचा तो पास करणारा साहेब. एकही दार न उघडता अख्ख्या इमारतीवर शिक्का मारून मोकळा झालाय.

धाकटा : आधी हात पाण्यात ठेव. रक्त थांबू दे.

ताई : थांबेल. सालं गेलीत, बोटं जागेवर आहेत.

धाकटा : साहेब आला होता गं. चांगला तासभर होता.

ताई : कुठे? चहाला?

धाकटा : ऑफिसात. नकाशे बघितले त्यानं.

ताई : बघ. कागदावरून मीही पळत जाईन.

धाकटा : पण उतार बरा होता ना? लिफ्टची बटणं हाताला आली तुझ्या.

ताई : आली. उतार झकास. लिफ्टमधली ती बाई इतक्या गोड आवाजात मजला सांगते, वाटलं, आता जेवूनच जा म्हणेल. सगळं तोंडदेखलं. आणि जिथे खरी गरज, त्या संडासाच्या दारात बुचासारखी अडकले. वॉचमननं मागून ओढलं मला, हातगाडी ओढतात तसं. वर विचारतो, मावशी, खुर्ची मोठी घेतलीत का?

धाकटा : मी त्याला बोललो ना नंतर.

ताई : नंतर. वीस वर्षं, बारक्या, बाहेर जायचं असलं की मी घोटभर पाणी पीत नाही. आज तूच म्हणालास, ताई, पी बिनधास्त, तिथे सगळी सोय आहे. म्हणून दोन कप चहा प्यायले.

धाकटा : माहितीय.

ताई : तुला काय माहितीय? ते गाडीच्या सीटला माहितीय.

धाकटा : ...ताई, या फॉर्मवर तुझी सही लागते. ‘खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीने स्वतः फिरून पाहिले, अडचण नाही.’ गुरुवारी उद्घाटन आहे.

ताई : आणि दार?

धाकटा : होईल. दुरुस्तीत घेऊ.

ताई : तसली दारं आहेत किती?

धाकटा : एकतीस.

ताई : एकतीस?

धाकटा : एकच नकाशा सगळीकडे चिकटवतात गं. संडास, कपडे घालून बघायच्या खोल्या, औषधांचं दुकान.

ताई : आणि तो नकाशा कुठल्या गाढवानं काढला?

धाकटा : मी.

ताई : तू? कुठलं माप धरून?

धाकटा : नियमातलं माप धरलं असतं तर दार मोठं आलं असतं. मालक म्हणाले, एवढी जागा कशाला, खरी खुर्ची केवढी असते ते बघून सांग. मी म्हटलं, आमच्या घरातच आहे की. तुझीच मोजली. या चाकापासून त्या चाकापर्यंत पासष्ट सेंटिमीटर. दोन्हीकडे तीन-तीन वाढवले. मला वाटलं, ऐसपैस झालं.

ताई : आणि चाकं फिरवणार कोण? भूत?

धाकटा : हात धरलेच नाहीत मी मापात. रोज तुला बघतो, तरी राहिले. खुर्ची रिकामी होती ना. रविवारची दुपार होती, तू पलंगावर झोपलेलीस. म्हटलं, कशाला उठवायचं.

ताई : ऑफिसात माहितीय?

धाकटा : नाही. तू सही केलीस तर कुणी विचारणारही नाही. नाही केलीस तर मापाचा कागद काढतील. त्यावर माझं नाव आहे. या वयात मला कोण ठेवून घेणार?

ताई : दे तो फॉर्म. पेन दे.

धाकटा : ताई...

ताई : घाई करू नको, बोटं ठणकतायत. हं. वाच.

धाकटा : ‘एकतीसही दारं पुन्हा मोजा. खुर्चीत माणूस बसवून.’ आणि सही?

ताई : त्याच्याच खाली केलीय. वरच्या ओळीखाली नाही. माप कुणाचं चुकलं, ते तू लिही. गेली नोकरी तर जाऊ दे. माझ्या शिकवण्या चालू आहेत, दोन ताटं निघतील.

धाकटा : ...लिहितो. आधी जरा बसू दे.

ताई : बस. मी तर बसलेलीच आहे. पण एक ऐक. त्या रविवारी मी झोपले नव्हते.

धाकटा : काय?

ताई : भिंतीकडे तोंड होतं, एवढंच. टेप ओढल्याचा आवाज आला. दोनदा मोजलंस. म्हटलं, आता हाक मारेल, ताई, बस जरा म्हणेल. वाट बघत पडून राहिले. साहेबाचं सोड, तो परका. तू का नाही हाक मारलीस?