डिपर कोणाला दिला?

(दवाखान्यातली खोली, दुपार. बाईंचा पाय प्लास्टरमध्ये. दारात बसचा ड्रायव्हर.)

बाई: बसा हो. पाय माझा मोडलाय, खुर्ची नाही.

ड्रायव्हर: बसतो. पोलीस साहेबांनी तुमचा जबाब वाचून दाखवला. ‘बसचा अंदाज आला नाही, चूक माझी.’ मी दिवे मिचकावून डिपर दिला होता, त्याचं नावच नाही त्यात.

बाई: नाही घेतलं.

ड्रायव्हर: माझी नोकरी वाचली, बाई. आभार मानायला आलो.

बाई: उपकार वगैरे काही नाही. बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवते मी. पहिल्या दिवशीच सांगते, समोरच्याने डिपर दिला म्हणजे ‘या’ नव्हे. ‘मी आहे’, एवढंच. आणि मीच डिपर बघून गाडी वळवली! हे जबाबात आलं तर माझ्या क्लासकडे कुत्रंही फिरकणार नाही.

ड्रायव्हर: आमच्यात एकदा दिला की ‘या’, दोनदा दिला की ‘थांबा, मी येतोय’.

बाई: आमच्या ह्यांच्या मते, पुढे पोलीस उभे आहेत. जितकी तोंडं तितके अर्थ. पण तुम्ही एकदाच दिलात. म्हणजे ‘या’च म्हणालात ना?

ड्रायव्हर: एकदाच दिला, ते खरं.

बाई: अहो, हो म्हणा. कागदावर नाही जाणार. माझ्या जिवाला बरं वाटेल, बास.

ड्रायव्हर: हो म्हणायचं ठरवूनच आलो होतो.

बाई: मग?

ड्रायव्हर: तुमच्या मागे सात नंबरची बस होती. तिच्यावरचा आमचा म्हातारा ड्रायव्हर त्या दिवशी रिटायर होत होता. शेवटची फेरी. आम्ही समोरासमोर आलो की डिपरनेच नमस्कार करतो. तो त्याला होता.

बाई: आणि मी?

ड्रायव्हर: तुम्ही दिसलाच नाहीत. तो हात हलवत होता, मी त्याच्याकडे बघत होतो.

बाई: भर दुपारी? पिवळीधमक गाडी, टपावर क्लासची एवढी मोठी पाटी!

ड्रायव्हर: धडकली तेव्हा दिसली.

बाई: शाबास!

ड्रायव्हर: पाय तुमचा मोडला, वर खापरही तुमच्याच डोक्यावर. चार वाजता साहेब सही घ्यायला येतील. त्याआधी काय बदलायचं ते बदला.

बाई: नोकरी जाईल तुमची.

ड्रायव्हर: जाईल. तीन वर्षं राहिली होती. घरी अजून बोललो नाही.

बाई: तो टेबलावरचा कागद द्या. पेनही.

ड्रायव्हर: काय लिहिताय?

बाई: घडलं ते. डिपर दिसला, मला वाटलं मलाच आहे, वळले. हसू देत लोकांना.

ड्रायव्हर: आणि माझं?

बाई: तुम्ही कुठे बघत होता ते मी कसं लिहू? मी काही तुमच्या बसमध्ये नव्हते. खाली जागा सोडलीय. तुमचं तुम्ही लिहा, नाहीतर राहू द्या. माझं झालं. धरा.

ड्रायव्हर: कागदाखाली ठेवायला काही आहे का, बाई? पेनही द्या.